तिसऱ्या छपरावरची उडी

"आत्या, तिला सांग, ढोल्या तिसऱ्या छपरावरून परत पडला."

आत्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी होती. तिने मागच्या खोलीकडे तोंड केलं आणि आवाज न चढवता निरोप पोचवला. "तो म्हणतो, ढोल्या तिसऱ्या छपरावरून परत पडला."

"त्याला सांगा, मला ऐकू आलं. आणि डोळे मलाही आहेत."

"ती म्हणते..."

"ऐकलं," पुढच्या खोलीतून भाचा म्हणाला आणि त्याने कीबोर्डावर अशी बोटं आपटली की जणू सगळा दोष कीबोर्डाचाच.

पुढच्या खोलीत भाच्याचं टेबल, मागच्या खोलीत सूनबाईचं, मध्ये स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात आत्या. दोन्ही दारं उघडी, त्यामुळे इकडचा उसासासुद्धा तिकडे ऐकू जाई. तरी परवापासून नवराबायकोचा अबोला होता आणि शब्द सगळे आत्यामार्फतच जायचे.

दोघं मिळून एक खेळ बनवत होते. ढोल्या नावाचा एक जाडाजुडा माणूस डोक्यावर माशाचं काचेचं भांडं घेऊन छपराछपरांवरून उड्या मारत नव्या घरी निघालाय, भांडं सांडू न देता त्याला पोचवायचं, एवढाच खेळ. चित्रं सूनबाईची. चित्रांत जीव ओतायचं काम भाच्याचं. आत्याला त्याने एकदा समजावून सांगितलं होतं की, नुसतं चित्र हे भिंतीवरच्या तसबिरीसारखं, ते काही करत नाही. त्याला रिजिडबॉडी नावाचा घटक जोडला की वजन येतं आणि ते खाली पडायला लागतं. कोलायडर नावाचं कवच घातलं की ते आपटायला आणि टेकायला लागतं. आत्याला हे पटकन कळलं होतं, कारण वजन, पडणं आणि आपटणं या गोष्टी तिने आयुष्यात पुष्कळ पाहिल्या होत्या.

परवा भाचा फोनवर मित्राला म्हणाला, "चित्रांचं काय, ती मागाहून कोणीही चिकटवतं. खरा खेळ म्हणजे फिजिक्स." सूनबाई नेमकी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खेळ विकत घेणाऱ्या कंपनीला त्यांनी तो कालच पाठवला होता आणि आज दुपारी तिथल्या बाई संगणकावरूनच तो बघणार होत्या. त्यांनी घेतला तर घर चालणार होतं. नाही घेतला तर काय करायचं हे दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं: भाच्याने दुसऱ्या शहरातल्या जुन्या नोकरीवर परत जायचं आणि सूनबाईने माहेरी राहून साबणाच्या वेष्टनांवरची फुलं काढायची. आत्याने कुठे जायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. ती एकटी राहायची ती इथे आली होती आणि या दोन दारांच्या मध्ये तिला फार बरं वाटत होतं.

तिने आपल्या परीने प्रयत्न केला होता. काल भाच्याचा "तिला सांग, नायकाचा शर्ट भडक वाटतो" हा निरोप तिने "तो म्हणतो, झालं गेलं विसर" असा नेऊन पोचवला. एवढ्याशा घरात ही लबाडी लपणार कशी? दोघांनीही तिला वेगवेगळं बजावलं की, सांगितलं तेवढंच सांगायचं, मनाचं काही घालायचं नाही. आत्याला हे फार लागलं. तिची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात जोडण्या देण्यात गेली होती. दोन माणसांच्या बोलण्यात तोंड न घालणं हा तिचा धर्म होता आणि तो एकदाच मोडला तर तिला नियम ऐकवले गेले. ठीक आहे, तिने ठरवलं, आता जीव गेला तरी एक शब्द पदरचा घालणार नाही.

ढोल्याची भानगड अशी होती की, तिसऱ्या छपरावरून चौथ्यावर जाताना त्याची उडी केसभर कमी पडत होती. हात चौथ्या छपराला लागता लागता राहायचा आणि ढोल्या, भांडं, मासा असे तिघेही खाली जायचे.

आत्या चहा घेऊन पुढच्या खोलीत गेली तेव्हा भाचा एका चौकटीत आकडा बदलत होता.

"काय करतोयस?"

"उडीचा जोर वाढवतोय. हे बघ," तो कुजबुजला. ढोल्या ऐटीत चौथ्या छपरावर उतरला. भाच्याने तो बदल दोघांच्या सामायिक कामात पाठवून दिला. "तिला सांगायची गरज नाही. उगीच म्हणेल, माझ्या छपरांमुळे झालं असं म्हणायचंय का."

आत्या दुसरा कप घेऊन मागच्या खोलीत गेली. सूनबाई रिजिडबॉडीच्या चौकटीत ग्रॅव्हिटी स्केलचा आकडा कमी करत होती.

"हे तर त्याचं खातं ना गं?"

"ढोल्याला खाली ओढणारा जोर थोडा कमी केला की झालं. एवढं मलाही येतं," ती अगदी हळू म्हणाली. इथेही ढोल्या चौथ्या छपरावर अलगद उतरला. "आणि हे त्याला सांगू नका, आत्या. म्हणेल, चित्रं चिकटवणारे आता गुरुत्वाकर्षणाला हात लावायला लागले."

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. निरोप नव्हताच, उलट न सांगण्याची ताकीद होती, तीही दोन्हीकडून.

दोघांचं काम एके ठिकाणी जमा होई आणि तिथून प्रत्येकजण दुसऱ्याचे बदल आपल्याकडे ओढून घेई. दोघांनी एकाच ओळीला हात लावला तरच यंत्र तक्रार करायचं. इथे एकाने उडी बदलली होती, दुसरीने वजन. यंत्राच्या मते या दोघांमध्ये कसलाही मतभेद नव्हता. त्याने दोन्ही बदल गोडीगुलाबीने एकत्र केले.

थोड्या वेळाने दोन्ही खोल्यांत एकदम शांतता पसरली. आत्या आधी पुढे डोकावली. ढोल्या तिसऱ्या छपरावरून उडाला होता आणि पडद्यावर नव्हता. वर आभाळ, खाली छपरं, मध्ये कोणी नाही. बऱ्याच वेळाने तो पार शेवटच्या घरापलीकडे, बागेच्याही पलीकडे उतरला. त्यानंतर सावकाश मासा आला.

"आत्या, तिला विचार, ढोल्याच्या वजनाला कोणी हात लावलाय का."

आत्याने विचारलं. मागून उत्तर आलं, "त्याला म्हणावं, चित्रं चिकटवणाऱ्यांना वजनातलं काय कळणार?"

हे उत्तर नव्हतं, हा टोला होता. आत्याने तो जसाच्या तसा पोचवला. भाच्याचे कान लाल झाले. एरवी बदल पाठवताना दोघं एकमेकांसाठी लांबलचक टिपणं लिहीत, त्यात थट्टाही असे. आज सकाळी त्याने लिहिलं होतं "दुरुस्ती" आणि तिने "किरकोळ". तिचं किरकोळ म्हणजे काय ते उघडून बघायला त्याचा अहंकार तयार नव्हता.

"मीच उडी जास्त वाढवली बहुतेक," तो पुटपुटला. त्याने उडीचा जोर होता तसा केला. ढोल्या झकास उतरला, कारण सूनबाईने कमी केलेलं वजन अजून तिथे होतं. त्याने बदल पाठवला.

मागच्या खोलीत सूनबाई नखं कुरतडत होती. "आत्या, माझंच चुकलं. उगाच नको त्या चौकटीत शिरले," ती कुजबुजली. तिने वजन होतं तसं केलं. ढोल्या झकास उतरला, कारण भाच्याची वाढवलेली उडी तिच्याकडे अजून होती. तिनेही बदल पाठवला.

दोन्ही पडदे बघणारी या घरात आत्या एकटीच होती. ती पुढच्या दारात गेली. "अरे, जरा ऐक."

"तिचा निरोप आहे?"

"निरोप नाही, माझं म्हणणं आहे."

"मग नंतर, आत्या. बाई येतीलच एवढ्यात."

मागच्या दारातही तेच झालं, फक्त तिथे "नंतर हं" असं होतं. आत्या ओट्याशी येऊन हाताची घडी घालून उभी राहिली. नंतर म्हणजे कधी, भाचा सामान घेऊन स्टेशनवर गेल्यावर? तिला रडू येत होतं आणि रागही येत होता.

अपेक्षेप्रमाणे ढोल्या तिसऱ्या छपरावरून पुन्हा पडला, दोन्ही खोल्यांत एकाच वेळी. तोंडातून चकार शब्द न काढता दोघांनी एकच निर्णय घेतला: उडी नकोच, पूल टाकू.

भाच्याने तिसऱ्या आणि चौथ्या छपराच्या मध्ये एक लांबट हिरवी चौकट ओढली. आत्याने हळूच विचारलं, "ही फळी का?"

"फळीचं कवच. नुसता कोलायडर. ढोल्या हिच्यावरून चालत जाईल."

"पण ही खेळात दिसणार?"

"हिरवी रेघ फक्त इथे काम करताना दिसते. खेळात नाही. खेळ चालवणाऱ्या इंजिनाला चित्र लागत नाही, आत्या." एवढं म्हणून तो जरा थांबला. आजवर त्याने कवच ठेवलं की संध्याकाळपर्यंत तिथे चित्र आलेलं असायचं. तो कधी सांगायचा नाही, तिला कधी विचारावं लागायचं नाही. त्याच सवयीने त्याने ते पाठवून दिलं.

मागच्या खोलीत सूनबाईने एक देखणी फळी रंगवली होती. लाकडाच्या रेषा, एक गाठ, कडेला वाकलेला खिळा. दोन छपरांच्या वळचणीखाली बाहेर आलेल्या तुळयांवर तिने ती टेकवली होती, म्हणजे छपरांच्या बरीच खाली, कारण तिथे ती शोभत होती.

"हिला कवच?" आत्याने हळूच विचारलं. टेलिफोनच्या नियमात हे बसत नव्हतं, पण राहवलं नाही.

"ते होतं," सूनबाई म्हणाली. "म्हणजे ते नेहमी... तो घालतोच." तिने फळी पाठवून दिली, तेवढ्यात संगणक वाजायला लागला. बाई वेळेआधीच आल्या होत्या.

पडद्यावर दोन खिडक्यांत दोघं दिसू लागली, एकीत भाचा, दुसरीत सूनबाई, जणू दोन वेगळ्या गावांत राहतात. तिसऱ्या खिडकीत बाई होत्या. चष्मा, बारीक ओठ, मागे कचेरीतली माणसं जा-ये करतायत. "दाखवा," त्या म्हणाल्या. नमस्कारसुद्धा झाला नाही.

आत्या पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली. भाच्याने खेळ सुरू केला. पहिलं छप्पर पार झालं, भांडं हललं, मासा सावरला. बाईंच्या चेहऱ्यावर काही नाही. दुसरं छप्पर. तिसरं. ढोल्या कडेला आला आणि भाच्याने त्याला पुढे चालवलं.

ढोल्या हवेत चालू लागला. त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं. बऱ्याच खाली, ज्याच्याशी त्याचा कसलाही संबंध नव्हता, अशी एक सुंदर फळी होती.

बाई पुढे झुकल्या. "हा कशावर चाललाय?"

"मी टाकलेल्या फळीवर," भाचा म्हणाला. "ती दिसत नाही."

"आणि ही दिसते ती?"

"ती माझी," सूनबाई म्हणाली. "तिच्यावर उभं राहता येत नाही."

बाईंनी दोघांच्या खिडक्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, "एकमेकांना सांगितलं नाहीत?"

"बाई, त्यांना सांगा, मला कोणी विचारलं नाही," सूनबाई म्हणाली.

"बाई, तिला सांगा, सकाळी मी विचारलं तेव्हा टोमणा मिळाला."

"ते म्हणतात..." बाईंनी सुरुवात केली आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन थांबल्या. "हे पाहा, माझ्याकडे वेळ कमी आहे. आत्ताच्या आत्ता नीट करून दाखवा. नाहीतर राहू दे."

राहू दे. हे दोन शब्द ऐकून आत्या दारातून मागे, दोन खोल्यांच्या मध्ये आली. दोन्ही खोल्यांत बोटं धावू लागली. भाच्याने माघार घेतली. त्याने आपलं कवच खाली, थेट तिच्या चित्रावर आणून ठेवलं. सूनबाईनेही माघार घेतली. तिने आपलं चित्र वर, थेट छपराच्या रेषेत नेऊन ठेवलं. दोघांनी बदल पाठवले, दोघांनी ओढून घेतले, यंत्राने तक्रार केली नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. ढोल्या तिसऱ्या छपरावरून निघाला आणि खाली घसरला. आता फळी त्याच्या कमरेतून आरपार गेली होती. तो तसाच, चिखलातून चालल्यासारखा पुढे गेला आणि चौथ्या घराच्या भिंतीवर जाऊन अडकला. तिथे तो थरथरायला लागला. डोक्यावरचं भांडं एका बाजूला कललं, मग जास्त कललं. मासा काठाशी आला. बाईंचा हात पडद्याकडे सरकला. त्या खिडकी बंद करणार होत्या.

"बाई, लाइनवर थांबा."

हा आवाज घरात कधी कोणी ऐकला नव्हता. टेलिफोन ऑफिसातला होता तो. बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

आत्या स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती, दोन्ही दारांतून दिसेल अशी. "हा निरोप नाही. हे माझं आहे आणि दोघांनी ऐकायचं आहे. सकाळी यानं उडी वाढवली, तेव्हाच तिनं वजन कमी केलं. तुम्ही दोघंही बरोबर होतात. मग यानं उडी काढली, तिनं वजन काढलं. तेव्हाही दोघं बरोबर. आत्ता यानं कवच खाली नेलं, तिनं चित्र वर नेलं. सकाळपासून तुम्ही एकमेकांसाठी माघार घेताय आणि तो बिचारा जाडा त्यात मरतोय. झालं माझं सांगून. आता मला काय बोलायचं ते बोला."

सूनबाई उठून पुढच्या खोलीच्या दारात आली.

"तू खाली नेलंस?" तिने विचारलं. तिने थेट विचारलं.

"तू वर घेतलंस?"

"मला वाटलं, तू हट्टाने तिथेच ठेवशील."

"मलाही तेच वाटलं." भाचा उठून उभा राहिला. बाई बघतायत हे तो विसरला होता. "परवा फोनवर मी फुशारकी मारत होतो. तुझं चित्र नसलं तर माझ्या फळीवर कोणी पाय ठेवणार नाही. मीसुद्धा ठेवणार नाही. चुकलं माझं."

"मग ते मला म्हणायचं ना. आत्यांना कशाला दमवलंस?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडाच होता. "बस तिथे. कवच परत वर घे. मी कशालाही हात लावत नाही."

भाच्याने कवच वर घेतलं आणि ते चित्राशी तंतोतंत जुळलं. ढोल्या फळीवरून चालत चौथ्या छपरावर गेला, तिथून पाचव्यावर, तिथून नव्या घराच्या दारात. मासा भांड्यात गोल फिरत होता.

बाईंनी चष्मा काढला. "मला आवडला," त्या म्हणाल्या. दोघांचे चेहरे उजळले. "पण माझा एकटीचा होकार चालत नाही. कंपनी माझी आणि माझ्या भावाची. त्याचाही होकार लागतो."

"मग विचारता त्यांना?" भाच्याने हळूच विचारलं.

बाई चष्मा पुसत राहिल्या. तो पुसून केव्हाच स्वच्छ झाला होता. "तो शेजारच्याच खोलीत आहे," त्या अखेर म्हणाल्या.

आत्या खुर्ची ओढून भाच्याच्या पडद्यासमोर बसली. "अबोला कधीपासून?"

"झाले पुष्कळ दिवस." बाईंनी नजर उचलली. "आत्याबाई, तुम्ही जरा..."

"नंबर सांगा."

आत्याने फोन लावला. पलीकडून भावाने उचलला. आत्याने विषय सांगितला, ऐकून घेतलं आणि पडद्याकडे वळून म्हणाली, "तो म्हणतो, माझा होकार सकाळीच झालाय. काल पाठवलेला खेळ पाहिला. कचेरीत सगळ्यांना सांगून टाकलं. फक्त तुम्हाला कोणी सांगायचं, ते ठरत नव्हतं."

बाईंच्या मागून जाणारा एकजण चटकन नाहीसा झाला.

"आणि म्हणतो, खेळ कालचाच हवा. फळीबिळी नको."

"पण कालच्या खेळात ढोल्या तिसऱ्या छपरावरून पडतो," भाचा म्हणाला.

आत्याने विचारलं आणि ऐकलं. "म्हणतो, पडत नाही. अगदी कडेपर्यंत जायचं, पायाची बोटं बाहेर आली की मग उडी मारायची. तिकडे सगळे पार करतात."

सूनबाईने आपल्या टेबलाशी जाऊन कालचा खेळ उघडला. भाचा तिच्या खुर्चीमागे वाकून उभा राहिला. ढोल्या धावत निघाला. नेहमीच्या जागी तिचं बोट उडीच्या कळीकडे गेलं, पण तिने ते आवरलं. भाच्याने तिचा खांदा धरला. कड आली, ढोल्याची बोटं बाहेर आली, आणि मग ढोल्या उडाला. तो चौथ्या छपरावर उतरला आणि भांड्यातलं पाणी नुसतं हललं.

"तो म्हणतो," आत्या फोन कानाशी धरून म्हणाली, "तुम्ही दोघं उडी फार लवकर मारता."

दोघांना हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्या आपल्या टेबलावरची पेन्सिल सरळ करत होत्या.

"त्याला काही सांगायचंय का?" आत्याने विचारलं.

"त्याला सांगा..." बाई म्हणाल्या आणि उठल्या. "नको. मीच जाते."

खिडकीत रिकामी खुर्ची राहिली. आत्याच्या कानाशी फोन तसाच होता. पलीकडे दार वाजलेलं तिला ऐकू आलं, मग पावलं.

"मला सोडून सगळ्या कचेरीला सांगितलंस तू?" बाईंचा आवाज आला.

"तू कुठे बोलत होतीस माझ्याशी?"

"मग तू बोलायचंस. मोठा कोण आहे?"

दोघं कडाकडा भांडत होते. एकमेकांशी, समोरासमोर, मध्ये कोणी नाही. आत्याने चांगलं पोटभर ऐकलं. मग फोन ठेवला आणि निवलेला चहा पुन्हा गरम करायला गेली.